आधी पाणी

लातूर, १९ जानेवारी १९८६

अक्का,

पत्राच्या वर नमस्कार लिहितात, मला ठाऊक आहे. आज तो हातून उतरेना, म्हणून तेवढी जागा सोडून खाली सुरू केलं. तू मास्तरीण आहेस, मार्क कापायचे तर काप.

दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहून राहिलो. शेजारी धोंडाबाई बसलीय आणि आत तिची पोरगी विशाखा, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तुझ्या दहावीच्या वर्गातली विशाखा सोनकांबळे. तू सुट्टी टाकून कंधारला सासरी निघून गेलीस, म्हणून तुला पट्टी माहीत नसेल. पांढरी आहे. कडेनं पिवळी होती, ती आज बदलली.

काल तुमचे हेडमास्तर साहेबराव आले होते. एका हातात केळी, दुसऱ्या हातात कागद. केळी धोंडाबाईच्या पदरात टाकली आणि कागद वाचून दाखवला. "विद्यार्थिनीने शिक्षकांच्या परवानगीवाचून ॲसिडच्या बाटलीस हात लावला. वेळोवेळी समज देऊनही तिचे वर्तन बेशिस्त राहिले." खाली तुझी सही. ती मी ओळखतो. माझ्या प्रगतिपुस्तकावर अण्णांच्या जागी तूच करायचीस, लाल रेघांच्या खाली.

धोंडाबाई म्हणाली, "बाईनं लिवलं हे?"

"बाईंनी स्वतः. आता तुम्हीच सांगा, अशा पोरीला परीक्षेला बसवायचं म्हणजे शाळेवर केवढा जिम्मा. यंदा राहू द्या. पुढच्या साली बघू."

"पुढच्या साली तिचा मामा तिला कुठंतरी देऊन टाकील, सर."

"मग तर प्रश्नच मिटला," साहेबराव म्हणाले आणि चप्पल घातली.

केळी धोंडाबाईनं परत केली नाहीत, सकाळपासून पोटात काही नव्हतं. एक मला दिलं. मी खाल्लं आणि दवाखान्याच्या मागं जाऊन ओकलो.

तू तिथंच होतीस. तरी त्या दिवशीचं सांगतो, कारण तुझ्या कागदात त्यातलं काहीच नाही.

सकाळी शेषेरावचा टेम्पो आम्ही शाळेपुढं लावला. हे काम तूच मला लावून दिलंस. आजवर कुठंच टिकला नाही, इथं तरी टिक, म्हणालीस. जिल्हा नवा झाला, गावोगाव हायस्कुलं मंजूर झाली, आणि मंजुरी टिकवायला तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळा दिसावी लागते. शेषेराव ती भाड्यानं देतो. काचेची भांडी, बाटल्या, सांगाडा, बरणीतला बेडूक. तपासणी झाली की सगळं गवतात गुंडाळून पुढच्या गावाला. तुमच्या शाळेचं स्वतःचं सामान कपाटात कुलपात असतं, फुटेल म्हणून.

तपासणीच्या साहेबांना प्रयोग चालू असलेला दिसावा, असं साहेबरावांच्या मनात आलं. त्यासाठी ॲसिड पातळ करायचं होतं. गावात टँकर आला नव्हता. साहेबरावांनी आधी काचपात्रात नुसतं ॲसिड ओतलं आणि विशाखाच्या हातात लोटा दिला. "हळूहळू ओत. लागेल तेवढंच. पाणी वाया घालवू नको."

अशी चूक पाण्याच्या मुलखात कोण करील? तिथं माणूस भांडंभर पाणी घेईल आणि त्यात ॲसिड सोडील. आपल्याकडं पाणी महाग, म्हणून पाणीच थेंबानं.

विशाखा म्हणाली, "सर, बाईंनी उलटं शिकवलंय. आधी पाणी, मग त्याच्यात ॲसिड."

"बाईंना कोण शिकवतं मग?" साहेबराव म्हणाले. पोरी हसल्या. विशाखानं तुझ्याकडं पाहिलं. तू फरशीकडं पाहिलंस. मग तिनं ओतलं.

मी व्हरांड्यात होतो, सांगाडा खांद्यावर. कढत तेलात ओली भाजी टाकावी तसा आवाज आला आणि मग तिचा आवाज. सांगाडा हेडमास्तरांच्या खुर्चीत बसवून मी धावलो. तुमचा क्लार्क तिचे डोळे रुमालानं पुसत होता, आणि सगळ्या पोरी पाणी पाणी करत होत्या. लोट्यातलं संपलं होतं. ऑफिसात पितळेची घागर होती, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली, लातूरहून आणलेल्या पाण्याची. तिच्यापुढं रामकिशन शिपाई.

"साहेबाचं हाय ते. चहाचं."

"पोरगी जळून राहिली तिकडं."

"हेडमास्तरांस्नी इचारून येतो बाबा. माझ्यावर यील."

तो विचारायला गेलासुद्धा. मी घागर ओढून आणली. इथं तुझी एक गोष्ट मी झाकणार नाही. तू तिचं डोकं मांडीवर धरलंस, बोटांनी पापण्या उघड्या ठेवल्यास आणि मला म्हणालीस, "थांबू नको, ओत." घागर रिकामी होईस्तोवर मी ओतत होतो. तेव्हा साहेबराव दारात येऊन जे पहिलं वाक्य बोलले, ते तूही ऐकलंस. "आता साहेबांच्या चहाचं काय करायचं?"

डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा वाचेल, पाण्यानं वाचला. डाव्याला पाणी उशिरा पडलं. त्याला नुसता उजेड कळेल.

विशाखाला मार्चमध्ये परीक्षेला बसायचंय. तिचं हॉल तिकीट साहेबरावांच्या कपाटात आहे आणि त्या कपाटाचं कुलूप म्हणजे तुझा कागद. दुसरा कागद लिहून पाठव. एवढंच मागणं आहे.

शरणप्पा


उदगीर, ३ फेब्रुवारी

अक्का,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "तू यात पडू नकोस. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, ते साहेबरावांच्या शिफारशीवर आहे. इकडे घरी सगळे माझ्या पगाराकडे बघतात. तुझी तब्येत सांभाळ, उन्हात हिंडू नको." आणि खाली अर्धं कार्ड कोरं. एवढ्या कोऱ्या जागेत विशाखाचं नावही बसलं नाही काय? मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. पाठीमागं नुसता माझा पत्ता.

उदगीरला आम्ही किल्ल्याजवळच्या एका शाळेत सामान लावलं. इथं बाजारात एक म्हातारा कानडी बोलत दात काढून देतो, पक्कड एकच, पुसायला धोतर. मी बघत उभा राहिलो तर शेषेरावनं शिव्या घातल्या. पण मला तो दातवाला बरा वाटला. तो निदान दात काढतो असं सांगून दातच काढतो.

आमचा बेडूक बघवत नाही आता. औषधात राहून राहून त्याचा रंग उडाला, उकडलेल्या बटाट्यासारखा झालाय. एक पाय सुटून बरणीच्या तळाला पडला. प्रत्येक गावात हेडमास्तर साहेबाला सांगतात, "हा आमच्या मुलांनी विहिरीतून धरून आणला." विहिरींना पाणी नाही, बेडूक कुठून आला, असं आजवर एकाही साहेबानं विचारलं नाही. बघतात, मान डोलवतात, चहा पितात. तुमच्या शाळेतही त्या दिवशी साहेब दुपारी आलेच की. फरशी पुसून ठेवली होती. फरशीवर जिथं ॲसिड सांडलं तिथला पांढरा डाग झाकायला वर टेबल सरकवलं. मी सरकवायला हात लावला नाही, पण थांबवलंही नाही, बाहेर टेम्पोत विशाखाला झोपवून घेत होतो. साहेबांनी "प्रयोगशाळा सुसज्ज" असा शेरा मारला, म्हणून रामकिशन सांगत होता.

किळस येते, अक्का. या बाटल्यांना हात लावायची किळस येते. लेबल निघालेल्या, बूच कुठल्याही बाटलीचं कुठल्याही बाटलीला. मी शेषेरावला म्हणालो, निदान ॲसिडवर काहीतरी लिहू. तो म्हणाला, "लिहिलं की पोरं हात लावायला भितात. मग प्रयोग कोण करील?"

तू नवीन लागलीस तेव्हाची गोष्ट मला आठवते. मी कुठूनतरी हिंडून तुझ्या खोलीवर आलो होतो आणि तू वह्या तपासत होतीस. सगळ्या पोरींनी लिहिलं होतं, पाणी शंभर अंशांवर उकळतं. एकट्या विशाखानं लिहिलं होतं, अठ्ठ्याण्णव. तू मला उठवून दाखवलंस. मी म्हणालो, चुकली. तू म्हणालीस, "नाही रे, हीच एकटी चुकली नाही. आपला मुलूख उंचावर आहे, इथं पाणी शंभराच्या आतच उकळतं. बाकीच्यांनी पुस्तक बघून लिहिलं, हिनं थर्मामीटर बघून." मला त्यातलं निम्मं कळलं. पण तुझा चेहरा असा झाला होता की बस. मग साहेबरावांनी त्या वहीवर लाल शाईनं शंभर केलं, तेव्हा तू तीन दिवस जेवली नाहीस नीट.

ती अक्का कंधारला गेली नसावी. दुसरीच कुणीतरी गेली.

शरणप्पा


तुझ्या शाळेच्या गावाहून, १२ फेब्रुवारी

अक्का,

शेषेरावला दोन दिवसांची थाप मारून इथं आलो. विशाखा घरी आलीय. डाव्या डोळ्यावर हिरवं फडकं, उजव्यानं वाचते. गालावर थेंब पडले होते तिथं खपल्या आहेत. धोंडाबाई गावाबाहेर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडते, विशाखा तिच्याजवळ बाभळीखाली बसून अभ्यास करते.

मला पाहून धोंडाबाई म्हणाली, "बाईचा भाऊ का तू? बस. पाणी न्हाई द्यायला, सावली हाय."

मी बसलो. सावली कसली, काट्याची जाळी.

"तुझी बहीण कवा यायची?"

"माहीत नाही, मावशी."

"येत्याल. शिकलेल्या माणसाला उठायला येळ लागतो," असं म्हणून तिनं हातोडा घातला. एक खडा उडून माझ्या नडगीला लागला. मुद्दाम नसेल.

मी विशाखाला सांगितलं, आपण अर्ज करू. तपासणीच्या त्याच साहेबांपुढं सुनावणी ठेवलीय, साहेबरावांनीच मागितली, तिचं नाव परीक्षेतून काढायला. मी म्हणालो, मी सांगतो, तू लिही. मग मी लई जोरात सुरू केलं. नालायक, नरपशू, पाण्याचे चोर, असं बरंच. बाईंचा भाऊ म्हणून ती मला मामा म्हणते.

"मामा, तुम्ही हे पाहिलं का?"

"काय?"

"पशू. मला तर सर दिसले होते."

मग तिनं मांडीचीच पाटी केली आणि स्वतःच लिहिलं. जर्नलमध्ये लिहितात तसं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. साहित्यात ॲसिड, काचपात्र, लोटा. कृतीत कुणी काय ओतलं, कुणी काय सांगितलं, कोण कुठं उभं होतं. तुझंही नाव आहे. "बाई माझ्या उजव्या हाताला उभ्या होत्या." पुढं काही नाही. निरीक्षणात लिहिलं, मिश्रण उसळले, डोळ्यांत गेले, घागर ऑफिसात होती. एका शब्दाचीही शिवी नाही.

खाली अनुमान असं लिहून जागा कोरी सोडली. मी म्हणालो, हे भर ना, हेच तर खरं आहे.

ती म्हणाली, "ते मी भरलं तर साहेब म्हणतील, पोरगी आपलंच म्हणती. बाई भरतील."

"आणि नाही भरलं तर?"

"बाईंनीच सांगितलंय, बघितल्याशिवाय अनुमान लिहायचं नाही. बाईंनी बघितलंय."

तो कागद सोबत घातलाय. सुनावणी महिनाअखेर आहे.

शरणप्पा


बिलोली, २० फेब्रुवारी

अक्का,

टेम्पो हिमायतनगरकडून वळून बिलोलीत आलाय. इथं तेलुगू बोलणारी एक बांगडीवाली मला रोज विचारते, लग्न झालं का, आणि रोज स्वतःच म्हणते, तोंडावरून दिसत नाही.

वाटेत कंधारला उतरलो होतो. तुझ्या गल्लीपर्यंत आलो. टँकर लागला होता. तू दोन घागरी घेऊन रांगेत होतीस, पदर खोचलेला. तुझ्या पुढची बाई मध्ये घुसलेल्या एकीला बोलत होती आणि तू खाली रस्त्याकडं पाहत होतीस. तुझी पाळी आली तेव्हा पाइपातून नुसता वारा आला. तू दोन्ही घागरी उलट्या धरून परत गेलीस.

मला हाक मारायची होती. मारली नाही. ही चिठ्ठी फाडणार होतो, पण पाकीट विकत घेतलंय.

शरणप्पा


तुझ्या शाळेच्या गावाहून, १४ मार्च

अक्का,

आता सगळं सांगतो, क्रमानं. मध्ये कुठं भटकलो तर सांभाळून घे.

सुनावणीला तू आली नाहीस. मी शाळेच्या फाटकाजवळ उभा होतो, कंधारकडून आलेल्या गाडीतून एक कोंबड्यांचा खुराडा, दोन वकील आणि एक नवरदेव उतरला. तू नाहीस. मी पुलाकडं जाऊन थुंकलो. खरंच थुंकलो, लपवत नाही.

आत गेलो तर साहेबांच्या हातात तोच कागद होता, मी तुला पाठवलेला. टपालानं आलेला. विशाखाच्या अक्षरात वरचं सगळं आणि खाली कोऱ्या जागेत तुझं अक्षर. साहेबांनी मोठ्यानं वाचलं. आता ते मला पाठ आहे.

"अनुमान : पाणी ॲसिडमध्ये ओतल्याने अपघात झाला. विद्यार्थिनीने मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून ओतले. तसे करणे धोक्याचे आहे, हे मला माहीत होते. मी बोलले नाही. यापूर्वीचा माझ्या सहीचा कागद खोटा आहे."

साहेबराव म्हणाले, "ह्या बाई अजून कायम नाहीत, साहेब. आता होणारही नाहीत."

साहेब म्हणाले, "ते तुम्ही बघा. पोरीचं हॉल तिकीट द्या." एवढंच. साहेबरावांना कुणी काही केलं नाही. ते हेडमास्तर आहेत आणि राहतील, खुर्ची तीच. सांगाडा तिच्यात जास्त शोभत होता. हे लिहून मला बरं वाटत नाही, पण तू थर्मामीटर बघून लिहायला शिकवलंस, म्हणून लिहितो.

तुझं कंधारच्या घरी काय झालं, ते तू लिहिणार नाहीस. मला अंदाज आहे.

काल प्रॅक्टिकल होतं. बाहेरचे परीक्षक आले. शाळेचं कपाट तेव्हाही उघडलं नाही, भाड्याचं सामान आणलं, म्हणून मी होतो. शेषेरावला दुसरं कुणी मिळेना आणि मला दुसरं काम. बाटल्यांवर मी कोळशानं लिहून टाकलं होतं, ॲसिड, ॲसिड. त्याला दिसलं तेव्हा टेम्पो सुटला होता.

विशाखाच्या वाट्याला तोच प्रयोग आला. टेबलही तेच, डागावरचं. तिच्यापुढं ॲसिड, काचपात्र आणि लोटा. ती हाताची घडी घालून उभी.

परीक्षक म्हणाले, "सुरू कर, बेटा."

"पाणी न्हाई, सर."

"हे काय, लोट्यात आहे की."

"ते ओतायला हाय. धुवायला न्हाई."

परीक्षकांना कळलं नाही. साहेबराव मागून म्हणाले, "वेळ जातोय. नसेल जमत तर गैरहजर लावा."

"जाऊ द्या वेळ," ती म्हणाली. आवाज कापत होता तिचा, उगं धीट झाली असं मी सांगणार नाही. "बाईंनी शिकवलंय. जवळ भरलेलं भांडं असल्याशिवाय बूच काढायचं नाही."

शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं बूच उघडलं होतं, ते तिनं परत लावलं. मग तिच्या पलीकडचीनं. त्याच पोरी, त्या दिवशी हसलेल्या. खोलीत नुसता बुचांचा आवाज.

परीक्षकांनी तेव्हा तिच्या तोंडाकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. डाव्या डोळ्याकडं. मग त्यांनी साहेबरावांकडं पाहिलं. "पाणी कुठाय शाळेत?"

साहेबराव घड्याळ बघू लागले. बोलला तो रामकिशन, दारातून. "हापिसात हाय, सर. तुमच्यासाठीच हाय." आणि कुणी सांगायच्या आत गेला. घागर खांद्यावर घेऊन आला आणि विशाखाच्या कोपराजवळ ठेवली. तोंडाला तेच पांढरं फडकं बांधलेलं. तिनं गाठ सोडली.

मग तिनं काचपात्रात आधी लोट्यातलं पाणी घेतलं. मग कडेकडेनं, काचेच्या कांडीवरून, ॲसिड. हळूहळू. काही झालं नाही. भांडं थोडं तापलं, तेवढंच. तिनं ते बोटानं बाहेरून बघून वहीत लिहिलं.

परीक्षा संपली. घागरीतला एक थेंबही लागला नाही. साहेबराव म्हणाले, "रामकिशन, घागर ऑफिसात ने. साहेबांचा चहा राहिलाय."

रामकिशन वाकला. विशाखा घागरीच्या काठावर हात ठेवून उभी होती, तो तिनं काढला नाही.

"असू द्या सर," ती म्हणाली. "दुसरी बॅच यायची हाय."

शरणप्पा